खप उतरला म्हणजे गाडी उतरली, असं होत नाही

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने ठरलेला व्यवहार मोडला. २०२१ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, वारज्यातल्या पहिल्याच मालकाकडची. आम्ही दोघांनी जाऊन गाडी बघितली होती, सर्व्हिसच्या नोंदी तपासल्या होत्या, सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत चालवूनही आणली होती. टोकन द्यायच्या आदल्या रात्री त्याला एक संदेश आला आणि सकाळी सात वाजता त्याचा मला फोन. "मावशी, नको घ्यायला. शेवटच्या वर्षांतली गाडी आहे. खप पडला म्हणून कंपनीने बंद केली म्हणे. काहीतरी असणारच ना?"

तो संदेश पुढच्या आठवडाभरात मलाही तीन जणांकडून आला. बरोबर एक आलेख, लाल रेघ डावीकडून उजवीकडे सरळ खाली उतरलेली. मजकूर थोडक्यात असा: स्पोर्ट्स कारचा खप पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असतो आणि पुढे दरवर्षी अर्धा होत जातो, हा जगभरचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. खप पडतो कारण नव्याची नवलाई संपते आणि दोष उघडे पडतात. उरलंसुरलं एसयूव्हींनी मारलं. खप पडला की कंपनी प्रत्येक गाडीमागे तोटा सोसते आणि शेवटी मॉडेल बंद करते. तेव्हा घ्यायची तर पहिल्या वर्षी घ्या, शेवटच्या वर्षांतली गाडी चुकूनही घेऊ नका. आपल्याकडची उदाहरणं म्हणून टाटांची रेसमो आणि चाकणची पोलो.

मी भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपमध्ये उत्पादन नियोजन बघते. एकोणीस वर्षं झाली. गाड्यांचे आणि मोटरसायकलींचे पत्र्याचे भाग आम्ही करतो, त्यामुळे मॉडेलचं वय वाढतं तसं शेड्यूल, म्हणजे कंपनीने मागवलेल्या नगांचं वेळापत्रक, कसं उतरत जातं हे मी दर महिन्याच्या कागदावर बघत आले आहे. या संदेशातली एक गोष्ट खरी आहे, आणि तिच्या जोरावर बाकीच्या चार खोट्या गोष्टी खपवल्या आहेत. म्हणूनच सविस्तर लिहायला बसले.

खरं आहे ते आधी मान्य करते. बहुतेक स्पोर्ट्स कारचा खप वयाबरोबर उतरतो, आणि घरगुती सेडानपेक्षा लवकर उतरतो. संदेशातला आलेख ज्या गाडीचा आहे ती टोयोटाची छोटी कूपे घ्या. अमेरिकेत ती आधी सायन एफआर-एस या नावाने आणि नंतर टोयोटा ८६ म्हणून विकली गेली. २०१३ मध्ये तिथे १८,३२७ गाड्या गेल्या, २०१४ मध्ये १४,०६२, २०१५ मध्ये १०,५०७, २०१७ मध्ये ६,८४६ आणि २०२० मध्ये फक्त २,४७६. उतार स्पष्ट आहे, त्याबद्दल वादच नाही.

पण "दरवर्षी अर्धा" हे याच आकड्यांवर टिकत नाही. सात वर्षांत १८,३२७ वरून २,४७६ म्हणजे वर्षाला सरासरी चौथाई घट. एकाही वर्षी खप निम्म्यावर आलेला नाही. माझदाची पहिली एमएक्स-५, जिला अमेरिकेत मियाटा म्हणतात, तिचा उतार तर याहून कितीतरी मंद होता. १९९० मध्ये अमेरिकेत ३५,९४४ गाड्या विकल्या गेल्या आणि १९९७ मध्ये १७,२१८. निम्म्यावर यायला सात वर्षं लागली, म्हणजे वर्षाला साधारण दहा टक्के घट. एक गाडी चौथाईने उतरते, दुसरी दहा टक्क्यांनी, मग याला एकच नियम कसा म्हणायचा?

शिवाय अशा आलेखांमध्ये बाजार कुठे चालला होता ते कधीच दाखवत नाहीत. निस्सान ३५०झेडचा शेवट दाखवताना २००८ची घसरण हमखास पुढे करतात. त्या वर्षी अमेरिकेतला गाड्यांचा एकूण बाजारच साधारण १ कोटी ६१ लाखांवरून १ कोटी ३२ लाखांवर आला होता, आणि २००९ मध्ये तो १ कोटी ४ लाखांपर्यंत खाली गेला. ट्रक, सेडान, सगळंच पडत होतं. अशा वर्षाचा आकडा एका गाडीच्या माथी मारून निष्कर्ष काढणं बरोबर नाही. आपल्याकडे आणखी एक घोळ होतो. भारतात कंपन्या दरमहा जो आकडा देतात तो बहुतेक वेळा डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचा असतो, गिऱ्हाइकाच्या दारात उभ्या राहिलेल्या गाड्यांचा नाही. नवं मॉडेल आलं की सगळ्या शोरूम भरायच्या असतात, म्हणून पहिले महिने फुगलेले दिसतात. पुढे आकडा खाली आला की लोक म्हणतात खप पडला.

आता "याला अपवाद नाही" हे वाक्य. सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, कारण अपवाद शोधायला कुठे खणत बसावं लागत नाही. ते या क्षेत्रातले सगळ्यांना माहीत असलेले आकडे आहेत.

शेवरोले कॉर्व्हेटची तिसरी पिढी १९६८च्या मॉडेल वर्षाला आली. त्या वर्षी २८,५६६ गाड्या बनल्या. नियम खरा असता तर १९७५ पर्यंत ती संपायला हवी होती. प्रत्यक्षात १९७६ मध्ये ४६,५५८ बनल्या, १९७७ मध्ये ४९,२१३, आणि १९७९ मध्ये ५३,८०७. साचा तोच, वय बारावं वर्ष, आणि उत्पादन सगळ्यात जास्त. तेही इंजिनं मवाळ झालेली असताना. १९६९च्या सर्वांत जोरकस कॉर्व्हेटची कागदावरची ताकद ४३५ अश्वशक्ती होती, १९७९च्या साध्या गाडीची १९५. मधे ताकद मोजायची पद्धत बदलली होती हे धरलं तरी फरक मोठाच राहतो. म्हणजे गाडी मवाळ झाली, म्हातारी झाली आणि खप वाढला. त्याच वर्षी शेवरोले कमॅरोनेही उच्चांक गाठला, २,८२,५७१ गाड्या. तो साचा १९७०चा.

कारण काय? युद्धानंतर जन्मलेली अमेरिकेतली मोठी पिढी सत्तरच्या दशकात कमावती झाली आणि गाडी घ्यायच्या वयात आली. दुसरं, प्रतिस्पर्धी गळले. डॉजची चॅलेंजर, प्लिमथची बॅराकुडा, एएमसीची जॅव्हलिन, या तिन्ही १९७४ मध्ये बंद झाल्या होत्या. फोर्डची मस्टँग लहान झाली होती. हौस होती, हातात पैसा होता आणि दुकानात दोन-तीनच पर्याय उरले होते. गिऱ्हाइकांचं तळं बाहेरून भरत होतं.

हे तळं लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

जुनं झालं म्हणाल तर अलीकडचं सांगते. नव्या डॉज चॅलेंजरचे २००८ मध्ये अमेरिकेत १७,४२३ नग गेले. २०१० मध्ये ३६,७९१, २०१३ मध्ये ५१,४६२, २०१५ मध्ये ६६,३६५ आणि २०१८ मध्ये ६६,७१६. दहा वर्षं एकाच सांगाड्यावर, आणि रेघ वर. या काळात कंपनीने नवी गाडी काढली नाही. दरवर्षी आहे त्याच गाडीत काही ना काही नवं दिलं: ७०७ अश्वशक्तीची हेलकॅट, चारही चाकं ओढणारी आवृत्ती, रुंद अंगाची आवृत्ती. २०२१ मध्ये तर तिने मस्टँगला मागे टाकलं, ५४,३१४ विरुद्ध ५२,४१४. २०२३ च्या डिसेंबरात उत्पादन थांबलं तेव्हाही त्या वर्षाचा खप ४४,९६० होता, पहिल्या वर्षाच्या अडीचपट.

पोर्शे ९११ची ९९२ ही पिढी २०१८ च्या अखेरीस आली. २०१९ मध्ये जगभरात सगळ्या मिळून ३४,८०० नाइन-इलेव्हन गेल्या, २०२३ मध्ये ५०,१४६. माझदाची चौथी एमएक्स-५ अमेरिकेत २०१७ मध्ये ११,२९४ गेली, २०१९ मध्ये ७,७५३ वर आली आणि २०२१ मध्ये परत १०,५४७ वर चढली. टोयोटाची नवी सुप्रा २०१९ मध्ये २,८८४, २०२० मध्ये ५,८८७ आणि २०२१ मध्ये ६,८३०, म्हणजे तिचं सर्वांत चांगलं वर्ष तिसरं. पहिलं वर्ष लहान दिसतं कारण गाडी वर्षाच्या मध्यावर दुकानात आली. हेही आलेख काढणाऱ्यांनी बघायला हवं होतं.

आणि आठव्या पिढीची कॉर्व्हेट, जिचं इंजिन पहिल्यांदाच चालकाच्या पाठीमागे गेलं. २०२०च्या मॉडेल वर्षात २०,३६८ बनल्या, २०२३च्या वर्षात ५३,७८५. १९७९च्या उच्चांकाला फक्त २२ गाड्या कमी. लोकांना ती चौथ्या वर्षी अचानक आवडायला लागली असं थोडंच आहे? सुरुवातीला कारखान्यातला संप आणि मग कोविड यामुळे गाड्या बनतच नव्हत्या. मागणी पहिल्या दिवसापासून होती, आकडा मात्र कारखान्याच्या क्षमतेचा होता. विक्रीचा आलेख वाचताना हा फरक कळला नाही तर त्यातून काहीही निष्कर्ष निघू शकतो.

आपल्या इथलं उदाहरण हवं असेल तर पल्सर २२० आहे. ती मोटरसायकल आहे, कार नाही, हे कबूल. पण हौसेची, वेगाची, तरुणांची गाडी म्हणून ती याच हिशेबात बसते. आकुर्डीच्या बजाजने २००७ मध्ये आणलेली २२० पुढे २२० एफ झाली, २०२२ मध्ये तिच्या जागी २५० आली म्हणून तिला निरोप दिला, आणि २०२३ मध्ये मागणीमुळे परत आणली. सोळा वर्षांचा साचा. पुण्यात राहणाऱ्याला हे का झालं ते सांगायला नको. दर जून-जुलैत या शहरात अठरा वर्षांची नवी मुलं येतात, त्यांना ती गाडी नवीनच असते. तळं दरवर्षी भरतं.

आता तळ्याबद्दल, कारण संदेशातला पुढचा मुद्दा, "दोष उघडे पडतात म्हणून खप पडतो", त्याला उत्तर इथेच आहे.

घरची सेडान किंवा हॅचबॅक माणूस गरजेने घेतो. जुनी कुरकुरायला लागली, मूल झालं, आई-वडील बरोबर राहायला आले, की शोरूममध्ये जातो. अशी गरज दर महिन्याला कुणाला ना कुणाला पडतच असते. दोन आसनी स्पोर्ट्स कार कुणाच्या गरजेची नसते. ती घेणारा माणूस दोन-तीन वर्षं आधीपासून वाट बघत असतो. छायाचित्रं साठवलेली, पैसे बाजूला काढलेले, घरच्यांशी बोलून झालेलं. गाडी आली की हे सगळे पहिल्या वर्ष-दीड वर्षात घेऊन मोकळे होतात. त्यानंतर दरवर्षी फक्त नव्याने तयार झालेले लोक उरतात, आणि ते थोडे असतात. ज्यांनी घेतली ते पाच वर्षांनी तीच परत घ्यायला येत नाहीत.

अप्पा बळवंत चौकात दिवाळी अंकांचं असंच होतं. ज्याला ठराविक अंक हवा असतो तो वसुबारसेच्या आधीच घेऊन जातो. कार्तिकी एकादशीला दुकानात गठ्ठा पडलेला दिसला म्हणून अंक वाईट निघाला असं कुणी म्हणत नाही.

बाजाराच्या अभ्यासात हे गणित पन्नास वर्षांहून जुनं आहे. फ्रँक बास यांनी १९६९ मध्ये टिकाऊ वस्तूंच्या खपाचं जे प्रारूप मांडलं, त्यात घेणाऱ्यांचे दोन प्रकार धरले आहेत: स्वतःहून घेणारे आणि दुसऱ्याचं बघून घेणारे. दूरचित्रवाणी संच दुसऱ्याचं बघून घेणाऱ्यांमुळे वाढत जातो, म्हणून त्याची रेघ आधी चढते आणि मग उतरते. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत स्वतःहून घेणारेच फार. शेजाऱ्याने दोन आसनी गाडी घेतली म्हणून चार माणसांच्या कुटुंबाचा बाप ती घेत नाही. म्हणून रेघ सुरुवातीपासूनच उतरती दिसते. यात गाडीच्या गुणदोषांचा संबंध कुठे आला?

उलट दोष निघून गेल्यावरही खप पडत राहतो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पाँटिअॅक फिएरो. १९८४ मध्ये ही मधल्या इंजिनाची स्वस्त गाडी आली आणि पहिल्याच वर्षी १,३६,८४० बनल्या. सस्पेन्शनचे भाग कंपनीच्या इतर स्वस्त गाड्यांतून उचललेले होते, आणि पहिल्या वर्षीच्या गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. १९८८ मध्ये सस्पेन्शन पूर्ण नवं केलं, जे पहिल्या दिवसापासून हवं होतं. ती फिएरोची सर्वांत चांगली आवृत्ती. त्या वर्षी बनल्या २६,४०२, आणि गाडी बंद झाली. सर्वांत सदोष वर्षी खप सर्वांत जास्त, सर्वांत निर्दोष वर्षी सर्वांत कमी. बदनामीने तळं आटलं हे खरं, पण ज्याने खपाचा आकडा बघून गाडी निवडली त्याने चुकीच्या वर्षाची निवडली.

एमएक्स-५चंही बघा. २०१९च्या मॉडेलला तिचं दोन लिटरचं इंजिन १५५ वरून १८१ अश्वशक्तीवर गेलं आणि इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची मर्यादा ६,८०० वरून ७,५००वर. गाडी उघडउघड सुधारली. वर दिलेला ७,७५३चा नीचांक त्याच वर्षाचा आहे. सुप्राला लोक मागत होते तो हाताचा गिअरबॉक्स २०२३च्या मॉडेलला मिळाला, आणि अमेरिकेतला खप २०२२ मधल्या ४,९५२ वरून २०२३ मध्ये २,६५२ वर उतरला. सुधारणा केली की खप वाढतोच असंही मी म्हणणार नाही. गाडीचा दर्जा आणि गाडीचा खप या दोन वेगळ्या रेघा आहेत, एवढंच आकडे सांगतात.

एसयूव्हींनी मारलं, या मुद्द्यावर फार थांबत नाही. फोर्ड मस्टँगचं उत्पादन १९६६ मध्ये ६,०७,५६८ होतं, १९६७ मध्ये ४,७२,१२१, १९६८ मध्ये ३,१७,४०४, १९६९ मध्ये २,९९,८२४. तेव्हा एसयूव्हींची लाट नव्हती. मस्टँगसारख्याच पाच-सहा गाड्या बाजारात उतरल्या आणि गिऱ्हाईक वाटलं गेलं. स्पोर्ट्स कारचा उतार एसयूव्हींहून जुना आहे. आणि पोर्शेने २०२३ मध्ये ज्या ३,२०,२२१ गाड्या दिल्या त्यातल्या कायेन आणि मकान या दोन एसयूव्ही मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत. त्या पैशावरच ९११च्या एवढ्या आवृत्त्या निघतात. युरोपात जीआर ८६, म्हणजे टोयोटा ८६ची पुढची पिढी, आणि पोर्शे ७१८ थांबल्या त्या सुरक्षा आणि सायबर सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे. ब्रिटनच्या वाट्याला आलेल्या पहिल्या जीआर ८६ ९० मिनिटांत संपल्या होत्या. मागणी होती, पण नियमांमुळे गाडी विकता येईना.

आता तोट्याचा मुद्दा. हा माझ्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

पत्र्याचा साधा ब्रॅकेट करायचा म्हटला तरी त्याला डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा, लागते. डायचा खर्च कंपनी आणि आम्ही मिळून ठराविक नगांवर वाटतो. समजा दोन लाख नग ठरले, तर प्रत्येक नगाच्या दरात डायचा थोडा थोडा पैसा धरलेला असतो. दोन लाख नग झाले की तो भाग दरातून निघून जातो, आणि खरेदी खात्याचा माणूस त्याच आठवड्यात फोन करून दर कमी करायला सांगतो. म्हणजे मॉडेलच्या उतारवयात तोच नग कंपनीला स्वस्त पडतो. इंजिन, गिअरबॉक्स, बॉडीचे साचे, चाचण्या, सगळ्यांचं असंच. खप कमी झाला म्हणून प्रत्येक गाडीमागे तोटा होतो, हे सरसकट विधान चूक आहे. उतारवयातली गाडी अनेकदा निवांत पैसे मिळवून देते. लहान लॉटचा खर्च वाढतो हे खरं. प्रेसवर डाय चढवायला लागणारा वेळ पाचशे नगांना तेवढाच आणि पाच हजारांना तेवढाच. पण तो खर्च डायच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

तोटा होतो तो पहिल्या वर्षीचा आकडा कायमचा धरला तर. आमच्याकडे एकदा तसं झालं. एका कंपनीची स्पोर्टी मोटरसायकल आली, नाव घ्यायचं कारण नाही. पहिले सहा महिने शेड्यूल एवढं चढलं की आम्ही दोन पाळ्या चालवत होतो. कंपनीने आग्रहाने डायचा दुसरा संच करायला लावला. मी तेव्हा नवी होते, तरी उतार धरून एक तक्ता करून दिला होता. तो कुणी वाचला नाही. दुसरा संच आठ महिने चालला. मग शेड्यूल आठवड्यातून दीड दिवसाचं झालं, दुसरी डाय रॅकवर गेली आणि तिचे आमचे पैसे दीड वर्ष अडकले. गाडी चांगलीच होती, उतारही नेहमीचाच होता. चुकला तो अंदाज.

ज्यांना हा उतार माहीत असतो ते आधीच हिशेब करतात. टोयोटाची ८६ आणि सुबारूची बीआरझेड एकाच कारखान्यात, सुबारूच्या गुन्मातल्या प्रकल्पात बनतात. सुप्रा आणि बीएमडब्ल्यू झेड-४ या दोन्ही ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्ना स्टायर या कंत्राटी उत्पादकाकडे बनल्या. फिएट १२४ स्पायडर हिरोशिमात माझदाच्या एमएक्स-५ शेजारी बनत होती. दोन कंपन्यांनी एक तळं वाटून घ्यायचं, खर्चही वाटून घ्यायचा, आणि पाचव्या वर्षी खप पडणार हे पहिल्याच दिवशी कागदावर मांडायचं.

टाटांची रेसमो या यादीत कशी आली ते मला कळलेलं नाही. २०१७ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती दाखवली आणि त्याच वर्षी प्रकल्प गुंडाळला. जी गाडी विकलीच गेली नाही तिचा खप वयाबरोबर घसरला असं कसं म्हणता येईल?

पोलोचं मात्र बोलायला हवं, कारण भाच्याचा व्यवहार तिच्यावरून मोडला. पोलो जीटी ही काटेकोर अर्थाने स्पोर्ट्स कार नाही, वेगवान हॅचबॅक आहे, पण आपल्याकडे ज्यांना चालवायची हौस आहे आणि खिशात पाऊण कोटी नाहीत त्यांची ती स्पोर्ट्स कारच. चाकणला ती २०२२ पर्यंत बारा वर्षं बनली. पुढे कंपनीने भारतासाठी नवा सांगाडा आणला आणि त्यावर टायगुन आणि व्हर्चुस बनवायला घेतल्या. जुन्या सांगाड्यावरची पोलो त्यात बसत नव्हती. शेवटी ७०० गाड्यांची लेजेंड आवृत्ती काढून तिला निरोप दिला. तिच्या २०२० नंतरच्या गाड्यांत एक लिटरचं ११० पीएसचं टर्बो इंजिन आहे, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा. आधीच्या जीटीत १०५ पीएसचं १.२ लिटर आणि दुहेरी क्लचचा डीएसजी होता. संध्याकाळी वारज्याच्या पुलावरून चांदणी चौकाकडे इंचाइंचाने सरकताना यातला कुठला गिअरबॉक्स बरा, हे ज्यांनी दोन्ही चालवलेत त्यांना विचारा.

सुट्या भागांची भीती घालतात, त्याबद्दलही सांगते. मॉडेल बंद झालं म्हणून डाय कुणी भंगारात देत नाही. आमच्या रॅकवर खालच्या दोन कप्प्यांत बंद झालेल्या गाड्यांच्याच डाय आहेत. गंजू नये म्हणून तेल चोपडलेलं, पिवळा पट्टा मारलेला, तारेने बांधलेली चिठ्ठी. वर सांगितलेल्या मोटरसायकलच्या फूटरेस्टचा ब्रॅकेट आम्ही अजून दर तिमाहीला काढतो, सुट्या भागांसाठी. मागच्या लॉटला कडेला बर, म्हणजे कापलेल्या पत्र्याची बोचरी कड, यायला लागली. आमचा जुना ऑपरेटर मापाच्या आधी अंगठा फिरवूनच सांगतो. लगेच डाय उतरवून धार लावून घेतली, कारण तो भाग कुणाच्या तरी पायाखाली जाणार आहे आणि गाडी बंद झाली असली तरी चालवणारा माणूस आहे.

शेवटच्या वर्षांतली प्रत्येक गाडी डोळे मिटून घ्या असं मी म्हणत नाही. उतारवयात काही कंपन्या आतलं सामान हळूच स्वस्त करतात. विमा आणि पुढची किंमत प्रत्येक गाडीची वेगळी असते. पण त्या गोष्टी गाडीच्या जवळ जाऊन, बॉनेट उघडून बघायच्या असतात. कधीकाळी कमी खपलेल्या गाड्यांचं पुढे काय होतं हेही माहीत असावं. चौथ्या पिढीची सुप्रा अमेरिकेत खपली नाही म्हणून १९९८ मध्ये तिथून मागे घेतली. आज तीच चांगल्या अवस्थेत मिळाली तर तेव्हाच्या नव्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त मोजावे लागतात. आणि ज्या टोयोटा ८६च्या आलेखाने हे सगळं सुरू झालं, तिची पुढची पिढी आल्यावर अमेरिकेत २०२२ मध्ये ११,९९६ गाड्या गेल्या. दोन वर्षांपूर्वी २,४७६ होता तो आकडा. मांडणी तीच: पुढे इंजिन, ओढायला मागची चाकं, दोन दारं. आलेखात ते वर्ष घेतलेलं नाही.

भाच्याला हे सगळं परवा संध्याकाळी बसवून सांगितलं. तो म्हणाला, "मग वारज्याची गाडी?" फोन केला तर चौथ्याच दिवशी साताऱ्याच्या कुणीतरी नेली होती. येत्या रविवारी चिंचवडला दुसरी बघायला जातोय, तीही २०२१चीच, हाताच्या गिअरची. टॉर्च त्याच्याकडे आहे. दाराखालच्या पट्टीला पुट्टी भरली आहे का ते कळावं म्हणून शॉपमधलं छोटं चुंबक मी बॅगेत टाकून ठेवलं आहे.